नाकापासून न्यायासनापर्यंत

प्राचीन ग्रीक भाषेत किळस व्यक्त करणारे शब्द अनेक होते. त्यांपैकी ‘ब्देलुस्सोमाय’, म्हणजे शिसारी येऊन मागे सरणे, या क्रियापदाचे घराणे विशेष लक्षणीय आहे. किळसवाणा माणूस तो ‘ब्देलुरोस’, त्याचा निलाजरेपणा ती ‘ब्देलुरिया’ आणि शिसारी आणणारी वस्तू ते ‘ब्देलुग्मा’. व्युत्पत्तिकार हे घराणे सामान्यतः ‘ब्देओ’ या क्रियापदाशी जोडतात, ज्याचा अर्थ आवाज न करता अपानवायू सोडणे असा आहे. आवाजासह सोडण्यासाठी ग्रीकांजवळ ‘पेर्दोमाय’ हे निराळे क्रियापद होते; संस्कृत ‘पर्द्’ हा धातू आणि त्यातून आलेले मराठी ‘पादणे’ ही त्याचीच भावंडे होत. ही व्युत्पत्ती मान्य केली, तर किळसेचा हा शब्द निव्वळ दुर्गंधातून जन्मला असे म्हणावे लागते. आणि दुर्गंधाचा निर्णय नाक क्षणात देते, त्यासाठी साक्षीपुरावा मागत नाही.

अथेन्समध्ये हीच तत्काळ खात्री माणसांच्या वर्तनाला लावली गेली. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने रेखाटलेल्या 30 स्वभावचित्रांपैकी एक ‘ब्देलुरिया’चे आहे: हा गृहस्थ कुलीन स्त्रिया समोरून येताना वस्त्र वर करतो, नाट्यगृहात इतरांच्या टाळ्या थांबल्या की स्वतः टाळ्या वाजवू लागतो आणि प्रेक्षागृह शांत झाले की मान वर करून ढेकर देतो. येथे शब्दाला दुर्गंधाची गरज उरलेली नाही. चारचौघांची लाज न बाळगणे एवढे त्याला पुरेसे आहे. त्याआधी, इ. स. पू. 422 मध्ये, ॲरिस्टोफेनिसने ‘गांधीलमाश्या’ या अर्थाच्या नावाच्या प्रहसनात लोकप्रिय पुढारी क्लेऑन याच्या विरोधकाला ‘ब्देलुक्लेऑन’, म्हणजे क्लेऑनची शिसारी असलेला, असे नाव देऊन राजकीय मतभेदच किळसेच्या भाषेत मांडला होता.

प्रहसनातले हे शस्त्र पुढे न्यायालयात पोहोचले. इ. स. पू. 345 च्या सुमारास वक्ता एस्किनिस याने आपला राजकीय प्रतिस्पर्धी टिमार्कस याच्यावर, तारुण्यात देहविक्रय केल्यामुळे त्याला लोकसभेत बोलण्याचा अधिकार नाही, असा खटला भरला आणि भाषणात ‘ब्देलुरोस’ व ‘ब्देलुरिया’ हे शब्द पुन्हा पुन्हा वापरले. टिमार्कसने सभेत अंगावरचे वस्त्र फेकले, तेव्हा व्यसनांनी खंगलेले त्याचे शरीर पाहून सभ्य लोकांनी डोळे झाकून घेतले, असे चित्र त्याने उभे केले. मुख्य आरोपाला थेट साक्षीचे बळ फारसे नव्हते, म्हणून त्याने गावभर पसरलेल्या लौकिकालाच साक्षीदार केले. तरीही टिमार्कस दोषी ठरला आणि नागरी हक्कांना मुकला.

शब्दाचा तिसरा मुक्काम धर्मग्रंथांत आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर, म्हणजे ‘सेप्टुअजिंट’, सिद्ध होत गेले आणि त्यात परक्यांच्या मूर्ती, निषिद्ध प्राणी व निषिद्ध आचार यांसाठी ‘ब्देलुग्मा’ हा शब्द रूढ झाला. इ. स. पू. 167 मध्ये अँटिओकस चौथा याच्या आज्ञेने जेरुसलेमच्या मंदिरातील वेदीवर जे परधर्मीय बांधकाम झाले, त्याचाही उल्लेख मॅकाबींच्या पहिल्या ग्रंथात याच शब्दाने येतो. तथापि याच भाषांतरातील उत्पत्तीच्या पुस्तकात इजिप्शियन लोक हिब्रूंबरोबर जेवायला बसत नाहीत, कारण ते त्यांना ‘ब्देलुग्मा’ वाटते, असे सांगितले आहे. परक्या देवांना उद्देशून वापरलेला शब्द येथे स्वतःच्याच पूर्वजांवर उलटलेला दिसतो. पंगतीतला भेद शतकानुशतके पाहिलेल्या मराठी वाचकाला या वाक्याचे मर्म वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

या सगळ्या प्रवासात शब्दाने नाकाची निःशंकता सोडली नाही; विषय मात्र दुर्गंधाकडून वर्तनाकडे, प्रतिस्पर्ध्याकडे आणि परक्या समाजाकडे सरकत गेला. कुजलेल्या अन्नापासून दूर राहण्यासाठी किळस उपकारक आहे. माणसाचा हक्क किंवा पंगतीतले स्थान ठरवताना मात्र तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. सार्वजनिक वादात कोणी किळसेची भाषा बोलू लागला, की त्याच्याकडे आधी पुरावा मागावा.