सुवर्णपदकाचा जामीन

ग्रेग लूगॅनिस या अमेरिकी डायव्हरनं 1984 आणि 1988 अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली. सोलमध्ये त्याचं डोकं स्प्रिंगबोर्डवर आपटलं, टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी तो जिंकला. एचआयव्हीची लागण झाल्याचं तेव्हा त्याला ठाऊक होतं. बोलायची मात्र सोय नव्हती. आपण समलिंगी आहोत हे त्यानं 1994 साली जाहीर केलं, एचआयव्हीबद्दल 1995 मध्ये. त्याच्या आत्मचरित्रावर 1997 मध्ये ‘ब्रेकिंग द सरफेस’ हा दूरचित्रवाणीपट आला.

अशा चित्रपटांबद्दल माझी एक तक्रार आहे. एवढा मोठा खेळाडू, मग असेना का समलिंगी, असं मनाशी म्हणत प्रेक्षक सहज उदार होतो. पदक म्हणजे माणसासाठी भरलेला जामीनच. आपल्याकडे धावपटू द्युती चंदनं 2019 च्या मे महिन्यात जोडीदार स्त्री असल्याचं सांगितलं, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून गेला होता आणि तिच्याकडे आशियाई स्पर्धेची दोन रौप्यपदकं होती. तरी घरून विरोध झालाच.

ज्याच्याकडे पदक नाही त्याचं काय? नागपुरातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलाला खेळाचा अर्थ विचारा. दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, जमलं तर रेल्वे किंवा पोलीस. या वाटेवर निवड चाचणी, वसतिगृहातली खोली, प्रशिक्षकाची मर्जी, संघटनेचा शिक्का असे टप्पे लागतात, आणि प्रत्येक टप्पा कुणा ना कुणाच्या हातात असतो. तिथं समलिंगी मुलानं खरं बोलायचं म्हणजे पोटावर पाय आणून घ्यायचा. तो गप्प राहतो त्याला भित्रेपणा म्हणणारा माणूस कधी बायोडेटा घेऊन संघटनेच्या दारात उभा राहिलेला नसावा.

डिसेंबर 2021 मध्ये नागपुरातच दोन डॉक्टर तरुणींनी चारचौघांत एकमेकींना अंगठ्या घातल्या. त्यांच्या धैर्याला कमी लेखत नाही. पण वैद्यकीची पदवी कुणी निवड समिती काढून घेऊ शकत नाही, हेही लक्षात घ्यावं.

आदर्श हवेतच, हा आक्षेप रास्त आहे. लूगॅनिसला पडद्यावर पाहून एखादा मुलगा जगला असेल. पण जामीन नेहमी चालतोच असं नाही. नागपूर विद्यापीठाचे पीएच.डी. असलेले श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. 2010 च्या फेब्रुवारीत काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषाबरोबर त्यांचं चित्रण केलं आणि अलीगढच्या विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांनाच. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला आणि काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावरचा ‘अलीगढ’ चित्रपट त्यानंतर आला.

मला जो चित्रपट पाहायचा आहे त्यातला मुलगा जिल्हास्तरावर चौथा येतो. त्याला मित्र आहे, प्रशिक्षकाला ते माहीत आहे, आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव केवळ वेळ चांगली दिली म्हणून आहे. निर्माता विचारेल, यात संघर्ष कुठे आहे?