सांगणारा कोण?

करी रोडला नव्याने येणाऱ्या माणसाला हमखास वाटते, की या नावाचा संबंध खाण्याच्या करीशी असावा. आमच्या चाळीतल्या संध्याकाळच्या वर्गात नववीच्या मुलांना मी एकदा याच नावावर टिपण लिहायला सांगितले. बारा वह्या आल्या. नऊ वह्यांत तेच वाक्य होते, अगदी स्वल्पविरामासकट : करी नावाच्या रेल्वे अधिकाऱ्यावरून हे नाव पडले.

"हे कुठून घेतलेस?"

"सर, नेटवरून."

"नेटवर कोणी लिहिले?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकजण म्हणाला, "गूगलने."

गंमत अशी, की माहिती बरोबर होती. मुंबईतील स्थळांच्या व रस्त्यांच्या नावांवर सॅम्युएल शेपर्ड यांचे पुस्तक 1917 साली निघाले. त्यात या नावाचा माग सी. करी या गृहस्थांपर्यंत नेला आहे. 1865 ते 1875 या काळात ते बीबीसीआय रेल्वेचे एजंट होते. इंग्रजीत त्यांच्या आडनावाचे स्पेलिंगही खाण्याच्या करीहून निराळे. मग मुलांचे चुकले काय? बरोबर माहितीला नाव जोडले नाही, एवढ्याने काय बिघडते?

उत्तर एका मुलीने दिले, तेही नकळत. पुस्तकाचे नाव फळ्यावर लिहिताच ती म्हणाली, "सर, बीबीसीआय म्हणजे आताची वेस्टर्न ना? आपले स्टेशन तर सेंट्रलचे!" मी म्हणालो, शेपर्ड यांचा विषय रस्ते आहे, तेव्हा नाव आधी रस्त्याचे धरून चालू, पण शंका रास्त आहे, तू शोध घे. सांगणारा कोण हे कळले म्हणूनच तिला शंका काढता आली. 'गूगलने सांगितले' या वाक्याला शंकाही विचारता येत नाही. नाव देणे म्हणजे नुसते आभार नव्हेत. ऐकणाऱ्याच्या हाती पडताळणीची चावी देणे आहे.

हे आपल्याला परके नसावे. हदीसशास्त्राने मजकुराआधी सनद मागितली. कोणी कोणाकडून ऐकले, ते दोघे भेटले होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी, सचोटी कशी, हे पाहण्यासाठी रावींच्या चरित्रांचे ग्रंथच्या ग्रंथ रचले गेले. त्या भरात मी मुलांना इमाम बुखारींची गोष्ट सांगितली. एक रावी रिकामा पदर दाखवून घोड्याला बोलावत होता. मुक्या जनावराला फसवणाऱ्याकडून हदीस कशी घ्यावी, म्हणून इमामसाहेब तसेच परतले.

तीच मुलगी पुन्हा उठली. "सर, या गोष्टीची सनद?"

मी गप्प झालो. वीस वर्षे ही गोष्ट मी सांगत आलो होतो. लहानपणी कुठल्याशा वाझमध्ये ऐकलेली, कोणत्या ग्रंथात आहे ते कधी पाहिले नव्हते. आवडली, म्हणून खरी धरली. नऊ मुलांत आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांनी कालचे उचलले आणि मी चाळीस वर्षांपूर्वीचे.

खरी परीक्षा इथेच आहे. न आवडणाऱ्या बातमीची तहकीक कोणीही करतो. आपल्या मनासारखी, आपल्या लोकांची बाजू घेणारी, आपली भीती खरी ठरवणारी बातमी आली, की बोट आपोआप 'फॉरवर्ड'वर जाते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्या पुढे धाडणाऱ्या किती जणांनी विचारले असेल, सांगणारा कोण? सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे, की बातमी आली तर शहानिशा करा. न जाणता लोकांना इजा कराल आणि मग पस्तावाल. राईनपाड्यात पस्तावून काय उपयोग होता?

मुलांना आता मी दोनच गोष्टी लिहायला सांगतो : हे कोणाकडून घेतले, आणि मी स्वतः काय पडताळले. न पडताळलेले असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

घोड्याची गोष्ट मी अजूनही सांगतो, पण सुरुवातीलाच म्हणतो : ही ऐकीव आहे, सनद माझ्याजवळ नाही. गोष्टीची रंगत थोडी कमी होते खरी. ती मुलगी मात्र आता मान डोलावते.