उपकर्त्याचे हात

दुष्टाच्या हातून अपकार घडला तर त्याचे कोणास नवल वाटत नाही, व त्याचा न्याय करणेही फारसे कठीण नसते. परंतु ज्याने मनोभावे उपकारच करावयाचे योजिले, त्याच्याच हातून घात झाला, तर त्या घाताचे पाप कोणाच्या माथी मारावे? रोगी ज्या घरी बरा होण्याकरिता जातो, त्याच घरी त्यास नवा रोग जडावा, या गोष्टीत हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे उभा राहतो तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग एकमेकांस लागून होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात शेकडा ३ देखील नाहीत. शहरातील गोरगरीब स्त्रियांस हा भेद पुरता ठाऊक होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. कित्येक तर वाटेतच प्रसूत होत, आणि आश्चर्य हे की, त्यांस हा बाळंतज्वर क्वचितच होई! विद्वान लोक दूषित हवेकडे बोट दाखवीत; परंतु दोन्ही विभागांवरून वाहणारी हवा तर एकच होती.

पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण साहाय्यक वैद्य होता. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का हा, शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी बोटास लागून, थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याच्या देहाची तपासणी झाली तेव्हा जी लक्षणे आढळली, ती बाळंतिणींच्या देहात आढळणाऱ्या लक्षणांसारखीच होती. सेमेलवाइसच्या मनात लख्ख प्रकाश पडला. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. वैद्य व विद्यार्थी मात्र प्रेतांवरून उठून थेट बाळंतिणींच्या खाटेशी येत. मृत्यू हवेतून येत नव्हता. तो वैद्यांच्या हातून येत होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने दाराशी क्लोरीनच्या चुन्याचे पाणी ठेवविले व त्यात हात धुतल्यावाचून कोणी रोग्यास शिवू नये असा नियम घातला. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.३ च्या आत आले.

आता नीतीचा प्रश्न पाहू. त्या नियमापूर्वी ज्या शेकडो माता गेल्या, त्यांच्या मृत्यूस जबाबदार कोण? जे कोणासच ठाऊक नव्हते त्याबद्दल कोणास दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. तरीही सेमेलवाइसने स्वतःस सोडले नाही. इतरांहून अधिक प्रेते आपणच तपासली, तेव्हा आपल्या हातून किती जणी अकाली गेल्या हे ईश्वरच जाणे, असा कबुलीजबाब त्याने आपल्या १८६१ च्या ग्रंथात दिला. कील येथील प्रसूतिवैद्य मिखाएलिस याने हा शोध कळताच तो स्वीकारला, व आपल्या विभागात हात धुण्याची पद्धत सुरू केली. परंतु त्यानेच प्रसूत केलेली त्याच्या नात्यातील एक स्त्री त्यापूर्वी याच ज्वराने गेली होती. ती टोचणी त्यास सोडीना, आणि १८४८ साली त्याने आत्महत्या केली. उलटपक्षी अनेक नामांकित प्राध्यापकांनी हे सत्य मानलेच नाही. रोगजंतूंची उपपत्ती अद्याप सिद्ध व्हावयाची होती, तेव्हा त्यांची शंका सर्वस्वी निराधार नव्हती हे कबूल केले पाहिजे. पण कारण कळेपर्यंत हात धुण्यास कोणती हरकत होती? हरकत पाण्याची नव्हती, मनाची होती. हात धुणे म्हणजे ते आजवर मलिन होते हे मान्य करणे; आणि ज्याचा हेतु निर्मळ, त्याचे हात मलिन कसे असतील!

माझ्या मते खरा दोष येथे सुरू होतो. अज्ञान हे पाप नव्हे. परंतु कळण्याची वेळ आली असता आपल्या सद्धेतूचा पडदा डोळ्यांवर ओढून घेणे हे पाप होय. मिखाएलिसचा मार्ग करुण आहे, पण तोही अनुकरणीय नाही. पश्चात्तापाने गेलेली माता परत येत नाही, धुतलेल्या हातांनी येणारी वाचते.

आपणांस शुचितेची शिकवण नवी नाही. सोवळ्याचे किती नियम आपल्या आजीपणजीने पाळले! परंतु त्या सोवळ्याची दिशा पहा. त्यात मनुष्य दुसऱ्याच्या स्पर्शापासून स्वतःस जपतो. विटाळ सदैव पलीकडचा असतो. रुग्णालयातील सोवळे नेमके उलटे आहे. तेथे आपल्या स्पर्शापासून दुसऱ्यास जपावयाचे असते, विटाळ आपल्याकडेच असू शकतो असे धरून चालावयाचे असते. पहिल्याने अहंकार पोसला जातो, दुसऱ्याने तो झिजतो; म्हणूनच दुसरे पाळणे अवघड.

आणि ते अद्याप अवघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे संपन्न देशांतील रुग्णालयांत दर १०० रोग्यांपैकी ७ जणांस, व इतर देशांत १५ जणांस, तेथील वास्तव्यातच एखादा तरी नवा संसर्ग होतो. मूत्रनलिका, शिरेतील नळी, श्वासयंत्र, शस्त्रक्रियेची जखम, या साऱ्या त्याच्या वाटा आहेत. त्यांतील पुष्कळसा भाग टाळता येण्याजोगा आहे, आणि टाळण्याच्या उपायांत हात धुणे अद्यापि अग्रस्थानी आहे.

यात वैद्यांसच बोल लावून आपली सुटका होत नाही. सर्दीपडसे घेऊन आपण समाचारास जातो, खाटेच्या कडेवर बसतो, रोग्याच्या कपाळावरून मायेने हात फिरवितो. त्या हाताविषयी आपल्या मनात शंकाही येत नाही, कारण तो मायेचा असतो. आणि डॉक्टर जवळ आले असता “आपण हात धुतलेत ना?” असे विचारण्याची आपणांस लाज वाटते, तो त्यांचा अपमान होईल असे वाटते. वस्तुतः तो प्रश्न विचारणे हा रोग्याचा अधिकार आहे, आणि तो रागावाचून ऐकणे हे वैद्याचे शील आहे. खुद्द सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात जखम चिघळून वारला. ज्या विषापासून त्याने इतरांस वाचविले, तशाच विषाने. त्याचे स्मारक दगडात कोठेही असो. त्याचे ऋण फेडण्याची जागा मात्र प्रत्येक रुग्णालयाच्या दाराशी असलेला पाण्याचा नळ हीच होय.