अकृताभ्यागम आणि क्लच प्लेट

मुंब्रा बायपासचा चढ म्हणजे काही कसारा घाट नव्हे. तरी त्या शनिवारी माझ्या वॅगनआरने तो चढायचं साफ नाकारलं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, काटा चार हजारावर जायचा आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. मागे कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. मग वास आला. स्वयंपाकघरात चाळीस वर्षं काढल्यामुळे करपण्याचे सगळे वास मला ओळखता येतात असा माझा समज होता. हा त्यातला नव्हता.

ठाण्याला कासारवडवलीला धाकट्या बहिणीकडे निघाले होते, मागच्या सीटवर पुरणपोळ्यांचा डबा. पोळ्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीतच संपल्या. गाडी टो करून एमआयडीसीतल्या गॅरेजात गेली.

मिस्त्री तिशीतला, मितभाषी. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर त्याने फोन केला, "काकू, येऊन बघून जा. नंतर म्हणाल, उगाच बदललं." गेले. त्याने क्लच प्लेट हातात दिली. भाकरीएवढी तबकडी, दोन्ही बाजूंचं लायनिंग झिजून रिवेट वर आलेले. ही अपेक्षा होतीच. पण त्याला दाखवायचं होतं ते फ्लायव्हील. इंजिनाला बोल्टने जखडलेलं जड लोखंडी चाक. त्याचा तोंडाचा भाग आरशासारखा सपाट असायला हवा. त्यावर निळसर-जांभळे डाग होते, केसासारख्या बारीक भेगा होत्या, आणि रिवेटांनी कोरलेला एक गोल चर. "नख फिरवा," तो म्हणाला. नख अडकलं. "हे डाग तापून तापून पडतात. लेथवर फेसिंग मारून चालवता आलं असतं, पण चर खोल आहे. घासून घासून किती पातळ करणार?" मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. "काकू, ही गाडी तुमच्या आधी कुणाकडे होती? नुसती हाफ क्लचवर मारलीय."

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका. दहावीच्या मुलींकडून शब्दरूपं घोकून घेण्यात आयुष्य गेलं, दर्शनं वाचली ती एम.ए.ला आणि नंतर स्वतःच्या हौसेने. गॅरेजच्या त्या ऑइल सांडलेल्या फरशीवर उभी असताना मला एकदम एक जडजंबाल शब्द आठवला : अकृताभ्यागम. जे आपण केलंच नाही त्याचं फळ आपल्या वाट्याला येणं. त्याचा जोडीदार कृतहानि, म्हणजे केलेल्याचं फळ वायाच जाणं. आपल्याकडच्या तत्त्वज्ञांना हे दोन दोष फार झोंबत. बौद्ध म्हणतात, सगळं क्षणिक आहे, काल कर्म करणारा आज उरलेलाच नाही. त्यांचे विरोधक लगेच हे दोन दोष दाखवत : मग कर्म एकाने केलं आणि भोगलं दुसऱ्याने, असंच झालं ना? आणि जगात तसं होऊ लागलं तर नीती कशावर उभी राहणार?

माझ्यापुरतं उत्तर समोर स्टँडवर चढवून ठेवलेलं होतं. एमएच-०५, २०१३ची गाडी, मी २०२२ साली घेतलेली. कर्म कल्याणच्या गृहस्थांचं, भोग डोंबिवलीच्या बाईचा.

रागाच्या भरात त्या गृहस्थांना फोन लावला. व्यवहाराच्या वेळी ते म्हणाले होते, "मॅडम, गाडी एकहाती आहे, जपून वापरलीय." मी निळ्या डागांचं वर्णन केलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "पत्रीपुलाच्या वेळची आहे ना ती. मी रोज महापेला जायचो."

डोंबिवली-कल्याणच्या बाहेरच्यांना हे वाक्य कळणार नाही. कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्रीपूल २०१८ साली धोकादायक ठरवून आधी बंद केला, नोव्हेंबरात पाडला, आणि नवा पूल खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात कल्याण पश्चिमेतून शीळ रस्त्याला लागणं म्हणजे फुटाफुटाने सरकणं. त्यातच २०१९च्या सप्टेंबरात डोंबिवलीचा कोपर पूलही बंद झाला, तो दोन वर्षांनी उघडला. अशा कोंडीत पाय क्लचवरून पूर्ण उचलावा तर गाडी पुढच्याच्या डिकीत जाते, पूर्ण दाबून धरावा तर मागे घसरते. म्हणून माणूस अर्धा पाय ठेवतो. इंजिन हजार फेऱ्यांनी फिरतंय, चाकं जवळजवळ उभी आहेत, आणि या दोघांच्या वेगातला सगळा फरक ती भाकरीएवढी तबकडी आपल्या अंगावर घासून घेतेय. घासण्याची उष्णता फ्लायव्हीलमध्ये शिरते. मला दिसलेले ते डाग म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या सकाळ-संध्याकाळ होत्या.

"खर्च किती आला?" त्यांनी विचारलं. "अर्धे मी देतो."

इथे माझी पंचाईत झाली. भांडायला माणूस मिळाला असता तर बरं होतं. हा अर्धे देतो म्हणतोय, आणि माझ्यातली शिक्षिका जागी होऊन विचारतेय, अर्धेच का? मी गाडी घेतली तेव्हा मीटर ४७ हजारांवर होता, आता ६१ हजार. किलोमीटरनेच हिशेब करायचा तर त्यांचा वाटा तीन चतुर्थांशाहून जास्त. पण ते नीट रस्त्यावरचे किलोमीटर किती आणि पत्रीपुलाचे किती? आणि माझे चौदा हजार तरी कुठे सोवळ्यातले होते? मिस्त्रीने दुसऱ्या एका गाडीत शेजारी बसून मला काटई नाक्यापर्यंत चालवायला लावलं होतं. परतताना एवढंच म्हणाला, "काकू, डावा पाय कुठं असतो तुमचा?" मी खाली पाहिलं. क्लचवर. गिअर बदलायचा नसतानाही, जोत्यावर पाय टेकावा तसा. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले, भीती पायात असते. क्लचवर नुसता टेकलेला पायही आतली पकड थोडी सैल करतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माला पाच कारणं लागतात असं सांगितलंय : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनी या जागेवर बऱ्याच ओव्या खर्ची घातल्या आहेत. अधिष्ठान म्हणजे शरीर असं भाष्यकार सांगतात. मी त्या रात्री तिथे बेधडक पत्रीपूल बसवला. कर्ता ते गृहस्थ, आणि थोडी मी. करण म्हणजे क्लच. चेष्टा म्हणजे डाव्या पायाची वरखाली. आणि दैव? पूल कुणी, कधी, कसा बांधायचा याचा निर्णय माझ्या किंवा त्यांच्या हातात नव्हता, तेव्हा महापालिका, रेल्वे आणि रस्ते महामंडळ या त्रिमूर्तीला दैवात टाकायला माझी हरकत नाही. गीतेचा तिथला मुद्दा असा, की पाच कारणं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला काही दिसत नाही. गेले दोन दिवस माझ्या मनात त्याच्या उलटा प्रकार चालला होता. मी एकट्या दुसऱ्यालाच कर्ता मानत होते. दृष्टी तितकीच अधू.

पण याचा अर्थ जबाबदारीच कुणाची नाही, असंही नाही. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादातला रथ सर्वांना ठाऊक असतो. मला त्यातले आंबे जास्त आवडतात. एक चोर आंबे पळवतो. पकडल्यावर म्हणतो, मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, मग मी चोर कसा? नागसेन म्हणतो, तरी तो शिक्षेला पात्रच, कारण हे आंबे त्या आंब्यांतूनच आले. तोच नाही, पण त्याच्यापासून तुटलेलाही नाही. माझी गाडीही तशीच. आरसी बुकावर नाव बदललं की फ्लायव्हीलला ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती थोडी लाजवणारी आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी लेणं खोदवलं. अशा लेखांत दानाचं पुण्य आईवडिलांना मिळावं, सर्व प्राणिमात्रांचं हित व्हावं, असं म्हणण्याची रीत होती. आपणही श्राद्धाला तेच करतो : पिंड मुलाने द्यायचा, तृप्ती वडिलांची. म्हणजे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर वळवायला आपली कधीच ना नव्हती. तिथे अकृताभ्यागम कुणाला आठवत नाही. माझ्या सासऱ्यांनी १९७४ साली घेतलेल्या जागेवर आज माझा फ्लॅट उभा आहे. त्याचं फळ मी किती निवांतपणे भोगतेय. दोष आठवला तो निळे डाग पाहून.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "राहू द्या, वाटा काढता येत नाही." त्यांना ते औदार्य वाटलं असावं. तो खरं तर गणिताचा कंटाळा होता.

मग फ्लायव्हील कुठलं घालायचं हा प्रश्न. नवं घेतलं तर खर्च वाढतो. मिस्त्री म्हणाला, कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात चांगलं मिळतं, अपघातात गेलेल्या गाडीचं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मात्र नवंच घ्या, त्यात काटकसर नको. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी ते चाक आलं, लेथवर हलकं फेसिंग मारून चकचकीत केलेलं. कुणाची गाडी, कुठे धडकली, आत कोण होतं, काही कळायला मार्ग नाही. तिऱ्हाइताच्या कर्माचं चाक आता माझ्या इंजिनाला पान्याने आवळलं जात होतं. त्याने डमी शाफ्ट घालून प्लेट मधोमध बसवली, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले.

फ्लायव्हील करतं काय, हे त्याला विचारलं. म्हणाला, "इंजिनचा धक्का सांभाळतं." सिलिंडरच्या चार फेरांपैकी जोर एकाच फेरात मिळतो, उरलेले तीन फेर गेल्या जोराच्या साठ्यावर निघतात. तो साठा या चाकात. सांख्यकारिकेत नेमका हाच दृष्टान्त आहे, कुंभाराच्या चाकाचा : ज्ञान झालं तरी ज्ञान्याचा देह लगेच गळून पडत नाही, कुंभाराने काठी काढून घेतल्यावरही चाक आधीच्या वेगाने फिरत राहतं तसा तो राहतो. एम.ए.ला हे वाचताना मला ते संन्याशांबद्दलचं वाटलं होतं. गॅरेजात वाटलं, हे माझ्या डाव्या पायाबद्दल आहे. चूक कळली आहे, कबूलही केली आहे. तरी परवा घोडबंदर रोडला मानपाड्याच्या सिग्नलला पाय परत तिथेच सापडला.

बिल झालं नऊ हजार आठशे. जुनं फ्लायव्हील मी मागून घेतलं. मिस्त्रीला वाटलं, म्हातारीला संशय आहे. खरं तर मला ते टाकवेना. दसऱ्यापर्यंत गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे होतं, खंडेनवमीला गाडीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागलं. पुढे मोलकरणीच्या पायाला ठेच लागली तेव्हा भंगारवाल्याला बोलावलं. त्याने काट्याला अडकवून सहा किलो भरलं, तीस रुपये भावाने एकशे ऐंशी हातावर ठेवले.

पैसे घेतले आणि कृतहानि आठवली. ज्याने ते चाक तापवलं, त्याचं फळ त्याला नको का पोचायला? ज्याचे वाटे पडत नाहीत म्हणून मी अडून बसले होते, त्याचे या वेळी सरळ दोन केले आणि फोनवरून नव्वद रुपये कल्याणला पाठवले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, हे नव्वद रुपये कसले?"