क्षमा आणि परवाना

केळीची मालमोटार हाकणारा आपल्यांतील एक बंधु मद्य पिऊन धुळे-जळगाव रस्त्यावर धरला गेला. तो मजकडे येऊन म्हणाला, “पाळकसाहेब, देवाने मला क्षमा केली आहे. कामापुरता तरी परवाना मिळावा, म्हणून आर. टी. ओ. साहेबांस चिठ्ठी द्या.” मी ती दिली नाही. उपदेशकहो, अशी चिठ्ठी तुमच्याकडेही मागतील.

अमेरिकेतील कित्येक संस्थानांत कामावर जाण्यापुरता परवाना देतात. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तशी सवलत नाही. न्यायाधीशास वाटल्यास बंदी एखाद्याच प्रकारच्या वाहनापुरती ठेविता येते, इतकेच. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. शिवाय परवाना निदान तीन महिने जातो, व उजळणीचे शिक्षण पुरे केल्यावाचून हाती येत नाही.

मोशेवर देवाची प्रीति कमी होती काय? तरी यार्देनेपलीकडे त्याला जाता आले नाही. नबो डोंगरावरून त्याने तो देश पाहिला मात्र.

त्या बंधूच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ आहेत, हे मी जाणतो. म्हणून मंडळीने त्यास दोन महिन्यांची ज्वारी दिली. सध्या तो यावलच्या मळ्यांत त्याच मालमोटारीवर घड चढवितो, हाकतो दुसरा.