कुसळ, मुसळ आणि बातमी

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बहुधा न्यायालयापुरती समजतो. वस्तुतः साक्षीदाराचा पिंजरा फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बातमी मात्र प्रत्येक जण वाचतो, दुसऱ्याला सांगतो आणि तिच्या आधारे परक्या समाजाविषयी मत बनवितो. मग ही आज्ञा वृत्तपत्रास आणि त्याच्या वाचकासही लागू नाही काय? झाशीचा इतिहास या प्रश्नाचा विचार करावयास लावतो.

झाशीचा सदर बाजार हा छावणीचा बाजार. कंपनी सरकारच्या काळी शहर एतद्देशीयांचे आणि छावणी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची, अशी विभागणी होती. जून १८५७ मध्ये छावणीतील शिपायांनी बंड केले. किल्ल्यात आश्रय घेतलेले युरोपीय पुरुष, स्त्रिया व मुले शरण आली आणि ८ जून रोजी जोखनबागेत त्यांची हत्या झाली. मृतांची संख्या साठाच्या आसपास होती. हे कृत्य क्रूर होते, यात संदेह नाही. परंतु इंग्लंडमधील वृत्तपत्रांत आले ते निराळेच. कॅप्टन स्कीन यांनी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बुरुजात प्रथम पत्नीला व नंतर स्वतःला गोळी घातली, अशी ती बातमी होती. ख्रिस्तीना रोझेटी या कवयित्रीने तीवर कविता रचली. १८६२ च्या संग्रहात ती समाविष्ट झाली. बातमी निराधार असल्याचे कळल्यावर तिने पुढे कवितेस तशी टीप जोडली. पण तशाच बातम्या वाचून सूडाची मागणी करणाऱ्या असंख्य वाचकांच्या मनाला टीप कोणी जोडावी?

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझ यांच्या फौजेने झाशी घेतली. त्या वेळच्या कत्तलीतील मृतांची गणना हजारांत झाली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणून ते भयंकर दिवस मराठी वाचकाला शहराच्या आतून दिसतात. जोखनबागेतील मृतांच्या नावांच्या याद्या झाल्या; शहरातील मृतांचा केवळ आकडा उरला, आणि तोही अंदाजाचा.

अशा वेळी विनोदाने सत्तेचा आणि सूडबुद्धीचा ताठा उतरवावा. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाला ती संधी होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी जुलै १८५७ मध्ये ठराव काढून सरसकट शिक्षेला आळा घालण्याचा प्रयत्न केला होता. ऑक्टोबरमध्ये ‘पंच’ने व्यंगचित्र काढून त्यांच्या दयाबुद्धीचीच थट्टा केली. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रात दया हा हसण्याचा विषय झाला! आज ते चित्र पाहताना हसू येते ते चित्रकाराचे.

प्रभू येशूचा विनोद याहून वेगळा आहे. स्वतःच्या डोळ्यात अख्खे मुसळ घेऊन भावाच्या डोळ्यातील कुसळ काढावयास निघालेला मनुष्य कोणालाही हसवील. मात्र हसता हसता श्रोत्याचा हात आपल्याच डोळ्याकडे जातो.

त्याच झाशीच्या रेल्वे स्थानकावर १९ मार्च २०२१ रोजी दिल्लीहून ओडिशाला निघालेल्या दोन धर्मभगिनी व त्यांच्यासोबतच्या दोन तरुणींना धर्मांतराच्या संशयावरून गाडीतून उतरविण्यात आले. त्या तरुणी जन्मापासून ख्रिस्ती असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. ही बातमी वाचून आपणांस वेदना झाली, आणि ती योग्यच होती. परंतु मथळ्यात आरोपीचा धर्म, जात, प्रांत वा कातडीचा रंग ठळकपणे छापला जातो आणि तो समाज आपला नसतो, तेव्हा आपण किती वेळ थांबतो?

यावर एक साधा उपाय करून पाहावा. बातमीतील परक्याच्या नावाच्या जागी आपल्या मंडळीतील एखाद्याचे नाव घालून ती पुन्हा वाचावी. मग जे वाक्य अन्यायाचे वाटेल, ते पहिल्या वाचनातही अन्यायाचेच होते. ते वाक्य शेजाऱ्याला सांगण्यापूर्वी आपण तेथेच थांबलो, तर त्या आज्ञेचे थोडे तरी पालन होईल.