काळी नाव

शिरोळ तालुक्यात चार नद्या. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा. एवढं पाणी वाट्याला आलेल्या तालुक्यात ऊस सोपा आणि जुलै-ऑगस्टातली झोप अवघड. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लांबलांबून माणसं त्या पाण्यात स्नानाला येतात. तीच बातमी ऐकून खालच्या अंगाच्या गावांत मात्र गोठ्यातली दावी सोडायला सुरुवात होते.

राजापूरच्या बंधाऱ्याकडच्या अशाच एका गावातली ही गोष्ट. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण वाचणाऱ्याला ते आपलंच वाटेल.

पूल व्हायच्या आधी या गावाला एक नाव होती आणि एक नावाडी होता. नाव लाकडी, अंगभर डांबर माखलेली. पूल झाला, नाव काठावर पालथी पडली, फळ्या एकेक करून चुलीत गेल्या. नावाडी राहिला. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं. २००५ चा पूर आला तेव्हा गावाला नावेची आठवण झाली, पाणी ओसरल्यावर ती आठवणही ओसरली. २०१९ च्या ऑगस्टात मात्र गाव आठवडाभर पाण्यात होतं. काही जणांनी गुऱ्हाळाच्या काहिलीत म्हातारी माणसं बसवून बाहेर काढली. नौदलाचे जवान, एनडीआरएफची पथकं येईपर्यंत माडीवर बसून वाट बघायची, एवढंच बाकीच्यांच्या हातात होतं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला जास्त माणसं बसलेली नाव उलटली. ती बातमी या गावातही माडीवर बसूनच ऐकली गेली.

पुढच्या उन्हाळ्याआधी गावानं वर्गणी काढली. समिती झाली, अध्यक्ष झाले. फायबरची नाव घ्यायची ठरली आणि रंगावरून बैठक तासभर रंगली. पांढरा घ्यावा, असं बहुतेकांचं मत. उन्हात तापत नाही, ओरखडे दिसत नाहीत, फोटोत उठून दिसतो. आबा मागं भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "काळी घ्या."

"आबा, डांबराचं दिवस गेलं आता," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"गेलं तर गेलं. नाव काळीच घ्या. पुरात चालवायची आमच्या घरानं हाय न्हवं?"

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून गावानं मान्य केला. का काळी, ते कुणी विचारलं नाही आणि आबांनी सांगितलं नाही. नाव आली तेव्हा खरंच देखणी होती. कडेला उभं राहिलं की तोंड दिसायचं तिच्यात. राखायला दिली आबांच्या नातवाला. घरात धाकटा म्हणून त्याला बारक्याच म्हणत.

बारक्याचा नावेवर जीव होता, यात शंका नाही. पण जीव लावणं आणि राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही. आपण वस्तू घेतो, नारळ फोडतो, फोटो काढतो. पुढचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला साधा नीट कपडासुद्धा देत नाही. बारक्यानं घरातलंच साहित्य घेतलं. भांड्याची पावडर, नारळाची शेंडी आणि भरपूर जोर. काठावरचा गाळ आधी वाळू द्यायचा, मग कोरड्या फडक्यानं झटकायचा. कृष्णेचा गाळ हाताला पिठासारखा लागतो, पण त्यात बारीक कण असतातच. कोरडा घासला की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. पंचगंगेच्या बाजूला फेरी झाली की जलपर्णीचा हिरवा चिकटा आणि एक तेलकट पट्टा पाण्याच्या रेषेवर बसायचा. त्याला तो रॉकेल लावायचा.

दोन पावसाळ्यांच्या मधल्या उन्हानं बाकीचं काम केलं. काळा रंग ऊन पितो. दुपारी नावेवर हात टेकवता येत नसे. फायबरच्या वर रंगीत राळेचा पातळ थर असतो, तो उन्हानं जळतो आणि त्याची पांढुरकी भुकटी वर येते. पांढऱ्या नावेवर ती कळत नाही. काळीवर बोट फिरवलं की बोटाला लागते. नाव राखाडी दिसायला लागली तसा बारक्या डिझेलचं फडकं फिरवायला लागला. संध्याकाळी आरसा, दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर धूळ.

२०२१ चा उन्हाळा. पावसाळ्याआधी आपत्तीच्या साहित्याची तपासणी असते. अध्यक्षांनी निरोप दिला, "साहेब येणार हाईत, नाव चकाचक पायजे." बारक्यानं जयसिंगपूरला गाड्या पॉलिश करणाऱ्या मित्राकडून मशीन आणलं, कंपाउंडचा डबा आणला आणि भर दुपारी सुरू केलं. मशीन फिरेल तिथं काळा रंग पुन्हा पाण्यासारखा उजळत गेला. पोरं जमली, व्हिडिओ निघाले.

आबा काठीनं टेकत आले. त्यांनी कौतुक केलं नाही. विचारलं, "ह्या कापडाला काळं काय लागतंय रं?"

"मळ निघतोय, आबा."

"मळ राखाडी असतोय. काळं निघतंय ती नाव हाय." बारक्या थांबला. "वरचा थर किती जाड हाय, ठावं हाय का? नखायेवढा. मशीन दर खेपंला त्यातनंच घेतंय. पाच-सात वरसं अशी चमकवलीस की चमकवायला काय उरंल?"

बारक्यानं मशीन बंद केलं, पण काम बरंचसं झालं होतं. राहिलेला भाग हातानं पुसताना त्याला त्या दिसल्या. नावेच्या बुडाशी, इंजिन बसतं त्या अंगाला, पांढऱ्या बारीक रेघा. एका ठिपक्यातून पाच-सहा बाजूंना फाटत गेलेल्या. त्याला वाटलं कंपाउंड सुकलंय. ओल्या फडक्यानं पुसल्या, गेल्या. वाळल्यावर पुन्हा आल्या. दात घासायच्या ब्रशनं घासल्या, तरी आल्या. कंपाउंडची पांढरी पूड भेगेत जाऊन बसली होती, आणि काळ्यावर पांढरं लपत नाही.

त्या भेगा कुठून आल्या, हे त्याला माहीत होतं. नाव आली त्या वर्षीच्या गणपती विसर्जनाला पंधरा-वीस जण हट्टानं चढले होते आणि परत येताना मागची बाजू घाटाच्या दगडी पायरीवर दणकून आदळली होती. त्या दिवशी सगळे हसले होते. चढलेल्यांत समितीचेही दोघे होते.

तपासणी दुसऱ्या दिवशी. बारक्या घरी गेला आणि बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी घेऊन आला. रेघा भरल्या, वरनं कापड फिरवलं. काही दिसेना.

तपासणी झाली. साहेबांनी नावेला फेरी मारली, "छान ठेवलीय" म्हणाले. कागदावर बारा माणसांची क्षमता लिहिली गेली. अध्यक्षांनी बारक्याला शाल घातली. मला या शालीबद्दल राग नाही. ती देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण जिथं माणसाला चमकीसाठी शाल मिळते, तिथं भेग दाखवणाऱ्याला काय मिळणार, हे त्या पोराला त्याच दिवशी कळलं असणार.

कर्नाटकी बेंदूर झाला. बैलांची शिंगं रंगवून झाली, मिरवणुका झाल्या. एका सकाळी बारक्या नावेपाशी आला तर आबा आधीच तिथं होते. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे. त्यांनी बादलीभर पाणी नावेवर ओतलं होतं, मऊ धोतराचा तुकडा हातात होता, आणि उजव्या हाताच्या बोटाचं नख नावेच्या अंगावरून हळूहळू ओढत ते पुढं सरकत होते. मागच्या अंगाला नख अडकलं. ते तिथंच थांबले. मग कनवटीचा रुपया काढून त्यांनी त्या जागेच्या आजूबाजूला टकटक वाजवून बघितलं, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. सगळीकडं टणक आवाज, त्या एका तळहाताएवढ्या जागेत बद्द.

"पॉलिश कुठलं घेतलंस?" आबांनी मान वर न करता विचारलं.

बारक्या गप्प.

"काळी नाव का मागितली मी, इचारलं न्हाईस कधी. सांगतो. डांबराच्या नावंला सांध्यातनं पाणी यायला लागलं की आधी तांबूस वल दिसायची. चार दिस आधी कळायचं. पांढऱ्या नावंची भेग पांढऱ्यातच जाती. काळी नाव चहाडी करती, लेकरा. पुरात मला चहाडी करणारी नाव पायजे. आन् तू तिचं तोंड बुजवलंस."

बारक्यानं रॉकेलच्या बोळ्यानं पॉलिश काढलं. रेघा परत आल्या. त्यानं प्रत्येक रेघेच्या टोकाशी खडूनं खूण केली आणि तसाच अध्यक्षांच्या दारात गेला.

अध्यक्षांचं पहिलं वाक्य कुठल्याही समितीच्या अध्यक्षाचं असतं तेच होतं. "कुणाला बोललास का?" मग म्हणाले, "तपासणी झाली, कागद झाला. आता भेग काढलीस तर लोकं इचारतील पैसं कुटं गेलं. पाऊस सरू दे, मग बघू."

"पाऊस सरल्यावर नाव कशाला लागती, काका?"

यावर अध्यक्ष रागावले, ते साहजिक होतं. पण त्यांनी दुरुस्तीला नाही म्हटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. कारागीर आला. त्यानं आतून घासून काचेच्या धाग्याचं कापड राळेत भिजवून दोन थर बसवले. तोवर पाऊस लागला होता आणि दमट हवेत राळ नीट आळत नाही. कारागीर म्हणाला, "काम चालंल. पर ह्याच्यावर बारा माणसांची हमी मी देणार न्हाई."

"मग किती?"

"सात, चालवणारं सोडून. मागच्या फळीवर कुणी न्हाई."

त्याच संध्याकाळी बारक्यानं पांढऱ्या ऑइल पेंटनं नावेच्या दोन्ही अंगांना हातभर मोठा आकडा काढला. ७. कागदावर बारा, नावेवर सात. गावात चेष्टा झाली. चकचकीत नावेचं रूप घालवलं म्हणून पोरं चिडली. शाल परत घ्या, असंही कुणी म्हणालं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाणी आलं. रात्रीत गल्ल्या भरल्या, उजाडताना घाटाचा पत्ता नव्हता. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त, त्यात उसाची पाचट आणि जलपर्णीचे गठ्ठे वाहत होते. बारक्या आणि त्याचा चुलता नाव घेऊन निघाले. गल्लोगल्ली माणसं माडीवरनं हाका मारत होती. प्रत्येक दारात तोच वाद. अजून एक, बारकं पोर हाय, मांडीवर घेतो, एवढी पिशवी तरी. बारक्या काही बोलायचा नाही. नावेच्या अंगावरच्या आकड्याकडं बोट करायचा. लोक शिव्या द्यायचे आणि मोजून बसायचे.

अध्यक्षांच्या घराशी नाव लागली तेव्हा तिथं नऊ माणसं होती. नवव्या होत्या त्यांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या. अध्यक्षांनी एकदा आकड्याकडं बघितलं, एकदा बारक्याकडं. मग आईला, बायकांना आणि पोरांना बसवलं आणि थोरल्या लेकाचा दंड धरून त्याला पायरीवरच थांबवलं.

"कागद तर बाराचा हाय, आप्पा," लेक म्हणाला.

"कागद मला ठावं हाय," अध्यक्ष म्हणाले. "दुसऱ्या खेपंला जाऊ."

दुसऱ्या खेपेला दोघं गेले. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी नावेनं किती फेऱ्या केल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनी बारक्या नाव उंचवट्याला लावायचा, मागचा भाग पुसायचा आणि खडूच्या जागी आता पांढऱ्या रंगानं काढलेल्या खुणा बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक रेघ खुणेच्या पुढं बोटभर गेलेली दिसली. तेव्हापासून सातचे पाच केले. गाव बाहेर निघालं. नाव शेवटी पिराच्या टेकाडाला लागली तेव्हा तिच्यात पाणी नव्हतं.

पाणी उतरल्यावर समितीची बैठक झाली. एकजण म्हणाला, आता नावेला पांढरा रंग मारू, त्या भेगा बघून येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं वाटत नाही. अध्यक्षांनी तो विषय पुढं जाऊ दिला नाही. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात मागचा सगळा भाग कापून नवा बसवला. रंग काळाच. नवा भाग जुन्यापेक्षा अंमळ जास्त काळा दिसतो, पण त्यासाठी कुणी मशीन फिरवलं नाही. आकडा मात्र पुसायला बारक्यानं कुणाला दिला नाही. कारागिराकडून नव्यानं लेखी घेतल्यावरच तो त्यानं स्वतः बदलला.

आता ती नाव काठाला शेडमध्ये असते. ताडपत्री अंगाला घासून रेघा पडतात म्हणून पत्र्याचं छप्पर केलंय. मागच्या वर्षी वरच्या अंगाच्या एका गावाची माणसं बघायला आली होती. त्यांनीही काळीच नाव घेतली होती आणि ती वर्षात राखाडी पडली होती. तुमची एवढी चमकते कशी, कुठलं पॉलिश वापरता, असं त्यांनी विचारलं.

बारक्यानं सांगितलं, "आधी पाणी, भरपूर. गाळ भिजून खाली गेल्याबिगर फडकं लावायचं न्हाई. अंगाचा साबण, भांड्याचा न्हाई. मेण वरसातनं दोनदा, सावलीत, नाव गार असताना. मशीन न्हाई, हातानं. सगळी नाव हातानं, एक टीचबी सोडायची न्हाई."

"हातानं लई येळ लागत आसंल."

"दोन दिस."

त्यांच्यातला एक जण वहीत लिहून घेत होता. त्यानं विचारलं, "आनि काय?"

बारक्यानं उजवा हात पुढं केला. चार बोटांची नखं कापलेली होती. "हे एक," तो म्हणाला, "वाढवून ठेवायचं."